श्वास मोजून घोडबंदरचा ट्रॅफिक सुटणारे का?

कासारवडवलीकर:
ऑफिस ऐरोलीला. एचआरने परवा 'वेलनेस वीक' काढला, प्राणायामाचं सेशन, लॅव्हेंडर तेलाची इवलीशी बाटली, वर ग्रीन टी. आणि त्याच रात्री साडेनऊला क्लायंट कॉल, त्याला कोणी हात लावला नाय. माझं स्पष्ट म्हणणं, हे नैसर्गिक उपाय वाईट नाहीत पण दुसऱ्यांनी दिलेल्या ताणाचं बिल आपल्याच नावावर फाडायला ते वापरले जातात, म्हणजे ठाण्यात घोडबंदर रोडला अडकायचं, मग ट्रान्सहार्बर लोकलला लोंबकळायचं आणि वर ऐकायचं की तू ध्यान करत नाहीस म्हणून चिडचिड होते. बोला.

सीवूड्सची_ताई:
अरे पण श्वासाने ट्रॅफिक सुटतो असं म्हणतंय कोण? श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, व्हेगस नावाच्या नसेचं काम ते, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, मिनिटाला साधारण ६ श्वास. भ्रामरीत गुणगुणताना तेच होतं, उच्छ्वास आपोआप लांबतो. पैसे नाहीत, मॅट नाही, वाशीचा खाडीपूल ओलांडेपर्यंत उभ्या उभ्या जमतं. कॉलसाठी भांड, जरूर भांड, पण कॉल संपल्यावर बारापर्यंत जीव धडधडत राहतो त्याचं काय करणारेस?

कासारवडवलीकर:
धडधडतो हे खरंय. पण ताई, शेगडी पेटती ठेवायची आणि रोज वरून पाणी मारत बसायचं, किती दिवस?

येऊर_पायी:
एवढी डोकेफोड कशाला, सकाळी साडेसहाला येऊरच्या गेटवर या. झाडांत चाला, बस. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये शिनरिन-योकू म्हणून हेच सुरू केलं आणि आपल्या दारात राष्ट्रीय उद्यान असून आपण मॉलमध्ये फिरतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला म्हणते, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटंच झाली की. नवी मुंबईवाल्यांना तर थंडीपासून मेपर्यंत फ्लेमिंगो पण आहेत, फुकट.

पहाटेचे_डबे:
साडेसहाला येऊर! दादा, तुमचा डबा कोण भरतं? मी अंधारात उठते, पोळ्या, भाजी, मुलांचं, सासूबाईंच्या गोळ्या, मग धावत लोकल. या तुमच्या सगळ्या उपायांना आधी रिकामा वेळ लागतो आणि तो घरात कोणाच्या वाट्याला येतो ते बघा जरा. मला योगाने फरक पडला नाही, नवऱ्याने कणीक मळायला घेतली तेव्हा पडला, हसू नका, खरंच सांगतेय. आता संध्याकाळी गच्चीवर एकटी बसते, काही करत नाही, ॲप नाही, संगीत नाही, कोणी हाक मारायची नाही असं सांगून ठेवलंय. याला कोणी वेलनेस म्हणणार नाही कारण विकता येत नाही ना. आणि येऊरचं म्हणाल तर शनिवारी रात्री तिथे स्पीकर लावून पार्ट्या चालतात, तिथले पक्षीच ताणात असतील.

येऊर_पायी:
पार्ट्यांचं मान्य. डब्याचं... बायकोने वाचलं आत्ताच. गप्प बसतो.

नौपाड्याचे_काका:
उगाच फाटे फोडताय सगळे. आमच्याकडे रात्री दुधातून अश्वगंधा आणि तळपायाला काशाच्या वाटीने तूप, वर्षानुवर्षं. निसर्गाचं आहे, अपाय शून्य.

कळव्याचा_केमिस्ट:
काका, वाटीबद्दल काही म्हणणं नाही. पण 'निसर्गाचं म्हणजे अपाय शून्य' हे मी काउंटरवर रोज ऐकतो आणि रोज वाद घालतो. अश्वगंधाने ताण थोडा कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, नाकारत नाही, पण तिने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढू शकते, गरोदरपणात टाळायला सांगतात, लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस पण नोंदल्यात. डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदीच घातली, मला ते अती वाटतं, पण उगाच नाही घातली. माझं ऐकाल तर आधी संध्याकाळनंतरचा चहा सोडा, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, आणि इथे लोक रात्री दहाला कटिंग मारून येतात आणि झोपेचं चूर्ण मागतात! आणि कोणाला आठवडे-आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतंय असं असेल तर श्वासबीस नंतर, आधी १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सीवूड्सची_ताई:
बाकी सगळं मान्य, चहावर येऊ नका.

कासारवडवलीकर:
डबेवाल्या ताईंनी नेमकं पकडलं, प्रश्न वेळेचाच आहे. टीममधले सगळे मिळून मेल टाकतोय, आठनंतर कॉल नको म्हणून. एकट्याने टाकला असता तर अप्रेझलला आठवण काढली असती.

सीवूड्सची_ताई:
टाक टाक. फक्त सेंड दाबायच्या आधी चार श्वास घे, भाषा बरी राहते.

नौपाड्याचे_काका:
केमिस्टसाहेब, थायरॉइडचं आम्हाला कोणी बोललं नव्हतं. हिची गोळी चालू आहे आणि दूध दोघांचं एकत्रच होतं.

कळव्याचा_केमिस्ट:
काका, आज काकूंचं दूध साधं द्या. थायरॉइडची गोळी मात्र तुमच्या मनाने कमी-जास्त करू नका, डॉक्टरांना फोन करून अश्वगंधा कधीपासून चालू होती ते सांगा, बहुतेक रक्त परत तपासायला सांगतील. तूप-वाटी राहू दे.