सर्वात वर वेग शून्य, मग तिथे त्वरण शून्य का नाही?

नवा_विद्यार्थी
२५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू २० मी/से वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? (गुरुत्वत्वरण १० मी/से², हवेचा रोध नाही.) वेळ क्ष धरून २५ = २०क्ष + ५क्ष² असं मांडलं तर १ सेकंद येतं, पुस्तकात ५ आहे. शिवाय सर्वात वर वेग शून्य, म्हणजे त्वरणही शून्यच ना? वर जाताना ऋण, टोकाला शून्य, खाली येताना धन?

समीकरणवाला
१ सेकंद हे उत्तर बरोबर आहे, पण ते दुसऱ्याच गणिताचं: चेंडू २० मी/से ने खाली फेकला तर! तिन्ही पदं धन लिहिली की विस्थापन, वेग आणि त्वरण एकाच दिशेला झाले.

सूत्राला हात लावायच्या आधी धन दिशा ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. वर धन घेतलं तर सुरुवातीचा वेग +२०, त्वरण −१०, विस्थापन −२५, कारण शेवटी चेंडू सुटल्या जागेच्या २५ मीटर खाली आहे. मग −२५ = २०क्ष − ५क्ष², म्हणजेच क्ष² − ४क्ष − ५ = ०. क्ष = ५ किंवा −१. वर जाणं आणि खाली येणं असे दोन तुकडे करायची गरजच नाही.

आता टोक. १.९ सेकंदाला वेग +१, २ ला ०, २.१ ला −१. ०.२ सेकंदात वेग २ ने घटला, म्हणजे त्वरण −१०. वेग किती आहे हे त्वरणाला विचारूच नका, तो किती झपाट्याने बदलतोय ते विचारा. टोकाला त्वरणही शून्य होऊन तसंच राहिलं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

आलेखवही
याचा वेग–काळ आलेख काढाच. +२० पासून −३० पर्यंत एकच सरळ रेषा येते, २ सेकंदाला ती अक्ष ओलांडते आणि तिथे कुठेही मोडत नाही. चढ सगळीकडे −१०. अक्षावरचा त्रिकोण ½ × २ × २० = २०, खालचा ½ × ३ × ३० = ४५. विस्थापन २० − ४५ = −२५ मीटर, कापलेलं अंतर मात्र ६५. गुण जातात ते इथेच.

'ऋण त्वरण म्हणजे वेग मंदावणं' हेही डोक्यातून काढा. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असतील तर चाल घटते, सारखी असतील तर वाढते. खाली येताना दोन्ही ऋण, म्हणून चाल वाढते. आणि स्थान–काळ आलेखातला परवलय हा चेंडूचा मार्ग नव्हे. चेंडू सरळ रेषेतच गेला-आला, आडवा अक्ष काळाचा आहे.

नवा_विद्यार्थी
चिन्हांचं कळलं. ते −१ नुसतं खोडायचं?

समीकरणवाला
उत्तर म्हणून खोडा, पण अर्थ आहे त्याला. फेकण्याच्या १ सेकंद आधी कोणी जमिनीवरून ३० मी/से ने चेंडू वर मारला असता, तर तो गच्चीच्या उंचीवर २० मी/से नेच पोचला असता. पुढची गती हुबेहूब हीच. समीकरणाला हात आणि गच्ची दिसत नाहीत.

प्रयोगवाला
पडताळायचं असेल तर मोबाइल पुरतो. भिंतीला उभी मोजपट्टी चिकटवा, चेंडू तिच्या अगदी जवळून सोडा, कॅमेरा दोन-तीन मीटर लांब आणि स्थिर ठेवा. जवळून घेतलं तर कडेची मापं तिरपी दिसतात. व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) असतील तर लागोपाठच्या दोन सरकण्यांतला (एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत चेंडू जितका हलतो, त्यांतला) फरक जेमतेम १.१ सेमी येतो. चेंडूची कडा धूसर असते, स्थान वाचताना २-३ मिमी इकडेतिकडे झालं की त्वरणाचा आकडा पार बिघडतो, कारण फरकाचा फरक घेताना चुका साठत जातात. म्हणून दर तिसरी चौकट घ्या: कालांतर ०.१ सेकंद, फरक सुमारे ९.८ सेमी. तीच २-३ मिमी चूक आता फार छळत नाही. वाचन चेंडूच्या खालच्या कडेचं घ्या, आणि प्रत्येक चौकटीत त्याच कडेचं.