शुश्रूषागृहातील दुखापती: कॅमेऱ्यापलीकडची देखरेख

प्रत्येक खोलीत कॅमेरा बसवला की शुश्रूषागृहातील वृद्धांची हेळसांड थांबेल, हे मत मला अपुरे वाटते. कारण कॅमेऱ्यात मारहाण दिसते, पण चार तास एकाच कुशीवर पडून राहिलेला माणूस त्यात शांत झोपलेलाच दिसतो. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याची कूस साधारणपणे दर 2 तासांनी बदलावी लागते (गादी आणि त्वचेची स्थिती पाहून हे अंतर कमीजास्त होते), आणि त्याची नोंद त्याच वेळी व्हावी लागते. कामाची पाळी संपताना एकदम भरलेल्या नोंदींना काही अर्थ नसतो. भेटीला गेल्यावर नातेवाइकांनी पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा जरूर पाहावी. तिथला लालसर डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी असते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा तपासावा.

पडण्याबाबतही तेच. अनेक वृद्ध शौचालयाकडे घाईने जाताना पडतात, म्हणून घंटा हाताशी असणे आणि तिला वेळेवर ओ मिळणे फार महत्त्वाचे आहे. पलंगाचे कठडे वर करून ठेवणे सुरक्षित वाटते, परंतु गोंधळलेला माणूस ते ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून आदळतो. त्यापेक्षा पलंगच खाली घ्यावा आणि झोपेच्या गोळ्यांचा डॉक्टरांकडून फेरविचार करून घ्यावा. पाण्याचा पेला भरलेला, पण हात पोहोचणार नाही इतका दूर ठेवलेला दिसला, तर तेथील प्रमुखांना त्याच दिवशी लेखी कळवावे.