विषय: बाबांचा फ्लॅट, बक्षीसपत्र आणि २००७ चा कायदा

मंडळी, नमस्कार.

आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटेच आहेत. राहता फ्लॅट आताच बक्षीसपत्राने माझ्या आणि भावाच्या नावावर करू म्हणतात, पुढे आमची धावपळ नको म्हणून. मावशीचा ठाम विरोध. उद्या मुलांनी विचारलं नाही तर, म्हणे! राग आला, पण प्रश्न रास्त आहे. आईवडिलांच्या सांभाळाचा, ज्येष्ठ नागरिकांचा तो २००७ चा कायदा आपल्याला इथे अमेरिकेत लागू होतो का? आणि एका काकांच्या मते माझं लग्न झाल्यामुळे जबाबदारी एकट्या भावाची. खरं का हे?

मुग्धा

---

मुग्धा,

काकांना सांग, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच मिटवलाय. खटला आपल्या कल्याणचाच, विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध वडिलांचा. लग्न झालेली मुलगीही आईवडिलांना पोटगी देणं लागते, असा निकाल. २००७ च्या कायद्यातही मुलगा, मुलगी, नातू, नात सगळे येतात. सून-जावई मात्र नाहीत.

कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे पहिल्याच कलमात आहे. म्हणजे ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय, तर तू त्यात आलीस. पोटगीचा अर्ज आईवडील राहतात तिथेही करता येतो.

फ्लॅटचं कलम २३. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलांनी सांभाळ केला नाही, तर या कायद्याखालचं न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. पण अट हवी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. जानेवारी २०२५ मध्ये एका आईला मालमत्ता परत मिळाली, कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा असंही न्यायालय म्हणालं. पण तिथे मुलाने सांभाळाचं लेखी दिलेलं होतं. नुसतं 'प्रेमापोटी देत आहे' असं छापील वाक्य टाकून सही केली, तर बाबांच्या हातात काही राहत नाही. तेव्हा अट घालूनच घ्या.

नितीन

---

नितीन, माहिती चोख. पण अट घाला हे बाबांना सांगणार कोण? ते स्वतःहून कधीच घालणार नाहीत, 'माझा मुलांवर विश्वास नाही का' म्हणतील. मुग्धा, हे तुलाच बोलावं लागेल. आणि मुळात बक्षीसपत्र कशाला? मृत्युपत्र करू देत. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. घर शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर राहतं आणि मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं.

बाकी या कायद्याचा धाक आपल्याला फारसा नाही, हे कबूल करू या. निर्वाहभत्त्याची, म्हणजे त्या पोटगीची, कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. प्रांताधिकाऱ्यांसमोर सुनावणी, वकिलाशिवाय. ज्यांची मुलं गावातच राहून दोन वेळचं जेवण नाकारतात, त्यांना याचा मोठा आधार आहे. आपण पैसे तर न मागताच पाठवतो. रात्री दोनला बाबा न्हाणीघरात पडले तर दार कोण उघडणार, हे कुठल्या कलमात लिहिणार? पैशांचा हिशेब चोख ठेवून आपण 'सगळं करतो' म्हणतो, त्याची मला चीड येते. माझी स्वतःचीसुद्धा.

मुग्धा, शेजारच्यांकडे किल्ली आहे का, ते आजच विचार. भावालाही या मेलमध्ये घे.

शैलाकाकू