मदत हवी आहे: 'आर' या संगणकभाषेत पावसाचे चार आलेख एकाच चित्रात कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी,

भूगोलाच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी महाराष्ट्राच्या पावसावर काम करते आहे. हवामान खात्याचे आपल्याकडचे चारही उपविभाग घेतलेत: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. 2001 ते 2023 मधला जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस, दर वर्षाचा एक स्तंभ. पाऊस सरासरीपेक्षा 20 टक्के किंवा त्याहून जास्त खाली गेला तर 'अपुरा', तेवढाच वर गेला तर 'जादा', मधला सगळा 'सर्वसाधारण', आणि त्याप्रमाणे स्तंभाचा रंग.

चारही आलेख जीजीप्लॉट-टू या 'आर'च्या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये तयार आहेत, एकेकटे नीट दिसतात. मला ते दोनाच्या दोन ओळींत, एकाच पीएनजी फाइलमध्ये हवेत. ए-फोर पानावर समास सोडून 16 सेंटीमीटर रुंदी मिळते. मार्गदर्शक मॅडमचा आग्रह आहे की पानं उलटून तुलना करायला लागू नये, आणि मलाही ते शंभर टक्के पटतं.

पार ही आज्ञा आणि तिचा एमएफरो हा पर्याय वापरून दोन बाय दोनची चौकट आखली, पण जीजीप्लॉट ती जुमानतच नाही, प्रत्येक आलेख अख्खं पान घेतो. ग्रिड-अरेंज या आज्ञेने चौघे एकत्र आले, पण कुठला रंग कशाचा हे सांगणारी सूचीसुद्धा चार वेळा आली. शिवाय कोकणच्या अक्षावर चार आकडी संख्या, त्यामुळे त्याची चौकट खालच्या मराठवाड्यापेक्षा अरुंद झाली आणि डाव्या कडा जुळेनात.

खरा पेच उभ्या अक्षाचा आहे. कोकण व गोव्याची सरासरी सुमारे 2,900 मिमी, मराठवाड्याची साडेसहाशेच्या आसपास. चौघांना एकच मापन ठेवलं तर मराठवाडा तळाला चिकटतो आणि 2015 चं दुष्काळी वर्ष शेजारच्या वर्षांतून उठून दिसत नाही. मापन मोकळं सोडलं तर कोकण आणि मराठवाडा सारखेच भिजतात असं चित्र तयार होतं. यातलं काय निवडावं?

आणखी एक. 'विदर्भ' लिहिलं की पहिली वेलांटी व च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, रफार सुटून पाय मोडलेला र वेगळा पडतो. प्रबंध मराठीत आहे, आलेखावरची नावं मराठीतच हवीत.

प्रतिसाद 1

पार-एमएफरो चालणार नाही, कारण ते 'आर'च्या मूळ आलेखपद्धतीसाठी आहे. जीजीप्लॉट ग्रिड नावाच्या वेगळ्या पद्धतीवर उभं आहे, तिथे त्या आज्ञेचा काही परिणाम होत नाही.

आलेख एकत्र जोडणारं पॅचवर्क पॅकेज घ्या. दोन आलेखांमध्ये उभी रेघ टाकली की ते शेजारी-शेजारी बसतात, तिरपी रेघ टाकली की एकाखाली एक. चौकटींच्या कडा ते आपोआप जुळवतं, अक्षावरचे आकडे कितीही लांब असोत. सूची एकच हवी तर पॅचवर्कच्या प्लॉट-लेआउट आज्ञेत गाइड्सला 'कलेक्ट' सांगा. मात्र सूच्या तंतोतंत सारख्या असतील तरच त्या एक होतात. एखाद्या उपविभागात 'अपुरा' वर्षच नसेल तर त्याची सूची वेगळी ठरते आणि चित्रात दोन सूच्या दिसतात. त्यासाठी चारही आलेखांत रंगांच्या स्केलला तिन्ही वर्ग लिमिट्समध्ये द्या आणि स्तंभ काढणाऱ्या आज्ञेत (जिऑममध्ये) शो-लेजंड ट्रू ठेवा. जीजीप्लॉटच्या 3.5.0 आवृत्तीपासून हे दुसरं सांगावं लागतं, नाहीतर नसलेल्या वर्गाचा रंगच सूचीत उमटत नाही.

अक्षरांसाठी रॅग पॅकेज टाका. ते जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवतं, आणि ते असलं की जीजीसेव्ह ही चित्र फाइलमध्ये साठवायची आज्ञा पीएनजीसाठी तेच वापरते. आरस्टुडिओच्या ('आर' वापरायच्या प्रणालीच्या) खिडकीत तरीही मोडकं दिसलं तर ग्लोबल ऑप्शन्समध्ये ग्राफिक्सचा बॅकएंड एजीजी करा. फॉन्ट देवनागरीचाच द्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल. शोटेक्स्ट पॅकेज टाळा, त्यात जोडाक्षरं जुळत नाहीत.

फाइल एक्स्पोर्टच्या बटणाने काढू नका. जीजीसेव्हमध्ये रुंदी 16, उंची 14, एकक सेंटीमीटर, डीपीआय 300 द्या आणि अक्षराचा मूळ आकार 9 ठेवा. वर्डमध्ये नेल्यावर चित्र कोपऱ्याला धरून ओढायचं नाही, नाहीतर अक्षरांचा आकार पुन्हा बदलतो.

प्रतिसाद 2

वरचं सगळं बरोबर आहे, पण ताई, तुमच्या कामाला आलेख जोडायची गरजच नाही असं मला वाटतं. चौघांची माहिती एकाच तक्त्यात आणा, उपविभागाचा एक रकाना करा आणि जीजीप्लॉटची फॅसेट-रॅप आज्ञा वापरा. एकच आलेख, त्याच्या चार चौकटी. सूची एकच, कडा जुळलेल्या. पॅचवर्क खरं लागतं ते वेगवेगळ्या जातीचे आलेख, म्हणजे नकाशा आणि स्तंभ, एकत्र आणायचे असतील तेव्हा.

अक्षाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मिलिमीटर सोडा, सरासरीपासूनचा फरक टक्क्यांत काढा. तुमचे रंग त्याच हिशेबाने आहेत, मग उंची वेगळ्या हिशेबाची कशाला? मधे शून्याची रेघ, तूट खाली, जादा वर, आणि उणे 20 व अधिक 20 वर तुटक रेघा. आता चौघांना एकच अक्ष द्या, कुणावर अन्याय नाही. कोकणात पाऊस किती जास्त पडतो हे लपू नये म्हणून प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर नावाखाली सरासरी मिलिमीटरमध्ये लिहा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! टक्क्यांवर आणल्यावर मराठवाड्याचं 2015 लगेच नजरेत भरतं. रॅग टाकल्यावर 'विदर्भ'ही नीट आला. फॅसेटच ठेवते आहे.

आता मॅडमना डावीकडे उपविभागांचा नकाशा हवा आहे, म्हणजे पॅचवर्क लागणारच. नकाशाला आणि आलेखाला (अ), (ब) अशी खूण देता येते का? आपोआप रोमन अक्षरं येत आहेत.

प्रतिसाद 1

येते. पॅचवर्कच्या प्लॉट-अ‍ॅनोटेशन आज्ञेत टॅग-लेव्हल्सला तयार प्रकार न देता स्वतःची यादी द्या, लिस्टच्या आत अ आणि ब. कंस प्रीफिक्स आणि सफिक्समध्ये. फॅसेटचा आलेख पॅचवर्कसाठी एकच धरला जातो, म्हणून खुणा दोनच लागतील. नकाशाचं उंची-रुंदीचं प्रमाण बांधलेलं असतं, त्यामुळे त्याच्या वर-खाली मोकळी जागा राहील. ती फार वाटली तर जीजीसेव्हमधली उंची कमी करून बघा.