भाड्याच्या घरात भिंतीला ओल आणि बुरशी: नुसता रंग देऊन भागेल का?

प्रश्न (परभणी):
नमस्कार. आम्ही दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. यंदा पावसाळ्यात निजायच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीला छतापासून ओल उतरली, रंगाला पोपडे आले आणि लोखंडी कपाट पुढे ओढले तेव्हा त्यामागे हिरवट-काळ्या ठिपक्यांचा हातभर पट्टा दिसला. पोपड्यांखाली पांढरी भुकटीही आहे. धाकट्या मुलीला दम्याचा त्रास असल्यामुळे जिवाला घोर लागला आहे. घरमालक स्वभावाने चांगले आहेत. परंतु पाऊस उघडला की भिंत वाळेल, मग दिवाळीत रंग देऊन घेऊ, असे त्यांचे म्हणणे आहे. रंगाने भागेल का, बुरशी आम्हीच पुसावी का आणि खर्च कोणी करायचा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (लातूर, बांधकाम पर्यवेक्षक):
घरमालकांनी सांगितलेली दिवाळीची मुदत चुकीची नाही, कामाचा क्रम चुकीचा आहे. पाणी कोठून येते हे सापडण्याआधी रंग दिला, तर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुगणार. ओल वरून उतरत असल्यामुळे प्रथम गच्चीवर जाऊन कठडा आणि स्लॅब यांचा सांधा, पन्हळीचे तोंड आणि टाकीखालची जागा पाहावी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया पुरेसा खोल नसलेल्या घरांच्या भिंतींना आणि कठड्यांना तडे जातात. केसाएवढ्या भेगेतूनही झडीच्या दिवसांत बरेच पाणी मुरते. ओल बाहेरची की खोलीतल्या दमटपणाची, अशी शंका असेल तर जेथे रंग अजून घट्ट आहे तेथे प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून 24 ते 48 तास ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीतून येते आणि खोलीकडच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे. पांढरी भुकटी बहुधा क्षारांची असावी. ती पाण्यात विरघळते, बुरशी विरघळत नाही. सध्या भेगेवर ताडपत्री टाकून काम निभवावे आणि पाऊस थांबल्यावर कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) व कठड्याचा वाटा (कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यावरचा गोलसर भराव) नीट करून घ्यावा. त्यानंतर गिलावा पूर्ण वाळू द्यावा, मगच रंगाचा विचार करावा.

प्रतिसाद (नांदेड, परिचारिका):
मुलीचे अंथरूण आजच दुसऱ्या खोलीत हलवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही नोंदवले आहे. हातभर पट्टा घरी पुसता येतो. मात्र कोरडी भिंत खरवडू नये, कारण त्याने बुरशीचे कण हवेत उडतात. मुलीला बाहेर ठेवून, खिडक्या उघडून, एन-95 मास्क आणि रबरी हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे, ते फडके टाकून द्यावे आणि भिंत पंख्याने वाळवावी. ब्लीचिंगचे पाणी आणि संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कपाट भिंतीपासून वीतभर दूरच राहू द्यावे. मुलीची धाप वाढली तर भिंतीचे काम होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

मूळ प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. गच्चीवर पाहिले असता पश्चिमेच्या कठड्याच्या बुडाशी आडवी भेग सापडली. करारात मात्र "किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी" अशी अट आहे.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर, वकील):
किरकोळ दुरुस्ती म्हणजे नळाचा वायसर किंवा दाराची कडी. कठड्याची भेग आणि गच्चीची गळती तीत बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात विरुद्ध अट नसल्यास घर राहण्याजोगे ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्यांनी वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. येथे एक सावधगिरी हवी. अकरा महिन्यांचा करार बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी देणारा, असतो आणि तसा करार करणारा कायद्याने भाडेकरू ठरत नाही, म्हणून या कलमाच्या भरवशावर परस्पर भाडे कापू नये. घरमालक समंजस आहेत, तेव्हा त्यांना गच्चीवर नेऊन भेग दाखवावी, ठरलेले काम आणि खर्च लेखी घ्यावा आणि भिंतीचे तारखेसह फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत, म्हणजे घर सोडताना हे नुकसान आपल्या अनामत रकमेतून कापले जाण्याचा प्रश्न उरणार नाही.