शेजाऱ्यांचे कुत्रे दिवसभर पोर्चमध्ये, उन्हात. बोलायचं कसं?

बेसावाली_काकू:

नमस्कार मंडळी. आमच्या ले-आउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलं तर दोन मिनिटांत ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याच फोनवर वाजेल, म्हणून इथे विचारते.

आम्ही नागपूरला, बेसा भागात राहतो. रो-हाउस आहेत, शेजाऱ्यांची नि आमची एक भिंत सामाईक. ते नवरा-बायको दोघंही दुकान बघतात. सकाळी साडेनऊला कुलूप लागतं, ते रात्री नऊ वाजून गेल्यावर उघडतं. मुलगा शिकायला बाहेरगावी. कुत्रे दोन. ब्रूनो लॅब्रेडॉर, चांगला पोसलेला. दुसरी काळी, गावठी, मुलाने पावसाळ्यात नालीतून उचलून आणली होती. दोघांचा मुक्काम पोर्चमध्ये.

हिवाळ्यात मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुत्रे आपले मजेत ऊन खात पडलेले असायचे. पण आमच्या ओळीचं तोंड पश्चिमेला आहे. एप्रिल लागला की एक-दीडच्या सुमाराला ऊन गेटमधून आत शिरतं आणि चारपर्यंत थेट दाराच्या उंबऱ्याला लागतं. फरशी काळ्या ग्रॅनाइटची. आमचीही तीच आहे, बिल्डरने सगळ्यांना तीच लावून दिली. संध्याकाळी सहालासुद्धा तिच्यावर अनवाणी उभं राहवत नाही.

काळी मोकळी असते आणि हुशार आहे, कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या स्कूटरखाली घुसून बसते. ब्रूनो मात्र बांधलेला, कारण गेट उघडलं की पळतो म्हणे. साखळी जिन्याच्या खांबाला. सावली सरकेल तसा तो सरकतो, खांबाला वेढे पडत जातात, आणि तीन वाजेपर्यंत साखळी इतकी आखडते की पाण्याचं भांडं हातभर लांब राहतं. मग तो पंजा लांब करून भांडं ओढायला बघतो. ते स्टीलचं, हलकं, कलंडतं. आमच्या वरच्या गॅलरीतून हे सगळं सरळ दिसतं. कपडे काढायला गेलं की दिसतंच, डोळे झाकून कपडे काढता येत नाहीत.

आधी फार भुंकायचा, कटकट व्हायची. आता भुंकत नाही. नुसती जीभ काढून धापत असतो.

मी भिंतीवरून पाइप टाकून त्यांच्या फरशीवर पाणी मारते, भांडं पुन्हा भरते. आमचे हे म्हणतात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस. बरं, माणसं वाईट असती तर मी इतका विचार केलाच नसता. गेल्या वर्षी ह्यांना रात्री दोनला घाम फुटून चक्कर आली, तेव्हा याच शेजाऱ्यांनी गाडी काढली, सकाळपर्यंत दवाखान्यात बसून राहिले, त्या दिवशी दुकान उघडलं नाही. कुत्र्यांचा जीव की प्राण आहे त्यांना. ब्रूनोच्या वाढदिवसाला केक कापतात, आम्हालाही पाठवतात! आणि तोच ब्रूनो दुपारी असा. मला हे जुळवताच येत नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, अजून यायचेत. तोंडावर बोलू, चिठ्ठी टाकू, का कुठे तक्रार असते अशी? आणि तोवर माझं पाणी मारणं बरोबर आहे ना?

प्रतापनगरचा_भाऊ:

काकू, काहून एवढं टेन्शन घेता? जो माणूस रात्री दोनला तुमच्यासाठी गाडी काढते, तो दोन शब्द ऐकून घेईन. चिठ्ठी तर बिलकुल नका टाकू, शेजारी राहून चिठ्ठी म्हणजे भांडणच. फक्त रात्री दुकानातून थकून आल्यावर नका जाऊ. रविवारी सकाळी जा, सोबत तर्री-पोहे न्या. अन् 'तुम्ही कुत्र्याले उन्हात बांधता' असं नका म्हणू. 'तीन वाजता ऊन कुठपर्यंत येते ते तुम्हाले दिसत नसन, तुम्ही दुकानात असता' असं म्हणा. खरंच आहे ना ते. त्यायनं आपला पोर्च भर उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता कधी पाहिलाच नसन. हिवाळ्यातल्या रविवारचा पोर्चच त्यांच्या डोक्यात असन.

वाईकर:

राग मानू नका, पण हल्ली कुत्र्यांचे जरा जास्तच लाड चाललेत. आमच्या रानातले कुत्रे जन्मल्यापासून बाहेर. ऊन, पाऊस, थंडी, काही होत नाही त्यांना. कुत्रा हा राखणीचा प्राणी आहे, एसीत ठेवायचा नाही.

बेसावाली_काकू:

वाईकर दादा, एसी कोण मागतंय? तुमचा कुत्रा आंब्याखाली माती उकरून गार खड्ड्यात बसत असेल. ग्रॅनाइट उकरता येत नाही हो. आणि तुमचा ऊन आलं की उठून दुसरीकडे जातो, याला जाता येत नाही. शिवाय वाईचं ऊन आणि आमचं ऊन... एकदा मे महिन्यात या नागपूरला, ४५ म्हणजे काय ते बघा, मग बोलू.

वाईकर:

साखळीचं मान्य. दिवसभर साखळीला आम्हीपण बांधत नाही, कुत्रा चिडका होतो.

गोठा_ते_गच्ची:

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला पशुवैद्य. 'आता भुंकत नाही, नुसता धापतो' हे वाचलं म्हणून सविस्तर लिहितो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांच्या गाद्यांना येतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापणं. भोवतालची हवाच तापलेली असली की तो मार्ग अपुरा पडतो. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०६ च्या वर गेलं की उष्माघात समजायचा, तिथून पुढे मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांवर परिणाम होतो. लॅब्रेडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि आपल्याकडचे लॅब बहुतेक लठ्ठ, त्यामुळे त्यांना धोका जास्त. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तर त्याहूनही.

लक्ष कशावर ठेवायचं: लाळ घट्ट, चिकट होते. हिरड्या लालभडक दिसतात. चालताना झोकांड्या जातात, उलटी होते. यातलं काही दिसलं तर मालकाला ताबडतोब फोन करा, तो येईस्तोवर थांबू नका. सावलीत घ्या, नळाचं साधं गार पाणी पोटावर, मांड्यांच्या आतून, पंजांवर ओता आणि पंखा लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो. तोंडात बळजबरीने पाणी ओतू नका. आणि नंतर उठून शेपटी हलवायला लागला तरी डॉक्टरकडे न्यायचाच, कारण आतली गडबड कधीकधी दुसऱ्या दिवशी वर येते. तुमच्याकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, शेजाऱ्यांना ठाऊक नसेल तर सांगून ठेवा.

तुमच्या पाणी मारण्याबद्दल. भर तीनला तापलेल्या फरशीवर पाणी मारलं की वाफ उठते, हवा दमट होते, आणि दमट हवेत धापण्याचा उपयोग आणखी कमी. ऊन पोर्चमध्ये शिरायच्या आधी, बाराच्या सुमाराला मारा, किंवा त्याला बसायला ओलं पोतं टाका. भांडं मातीचं, पसरट आणि जड हवं. शक्य तर दोन ठिकाणी दोन. उन्हाळ्यासाठी केस भादरायच्या भानगडीत मात्र त्यांना पडू देऊ नका, ते केस उन्हापासूनही वाचवतात.

काळा_कोट:

कायद्याचं विचारलंय म्हणून. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये तुमची जवळजवळ सगळी परिस्थिती बसते: अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं. वाचायला छान. शिक्षा वाचा आता: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडे १९६० चेच आहेत. ५० रुपयांत आज पोहेसुद्धा जेमतेम येतात, तर्री वेगळी.

त्यात बांधून ठेवण्याचा गुन्हा दखलपात्र नाही. पोलीस स्टेशनला गेलात तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतील, फार तर हवालदार येऊन समज देऊन जाईल. त्यानंतर तुम्ही, शेजारी आणि ती सामाईक भिंत. जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असते, पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी केली तर कळेल. पण माझ्या मते हे शेवटचं पाऊल ठेवा. भाऊंचं पोह्यांचं कलम जास्त लागू पडेल.

एक मात्र पाळा. शेजाऱ्यांना न विचारता गेट उघडून आत जाऊ नका, कितीही दया आली तरी. कुत्रा पळाला किंवा चावला तर सगळं तुमच्यावर उलटेल. आणि उलटी, झोकांड्या असं काही दिसलं तर आधी फोन, मग आत.

श्टुटगार्टकर:

इकडे जर्मनीत २०२३ पासून कुत्रा साखळीला बांधून ठेवायलाच बंदी आहे. शेजाऱ्याने कळवलं की सरकारी पशुवैद्यक खात्याचा माणूस घरी तपासायला येतो. आपल्याकडे कधी होणार हे?

प्रतापनगरचा_भाऊ:

साहेब, तिकडे ४५ डिग्री कधी होते ते सांगा आधी. अन् तिकडचा शेजारी रात्री दोनला गाडी काढते का, ते बी सांगा.

श्टुटगार्टकर:

:) गाडी नाही काढत. ॲम्ब्युलन्स बोलावतो आणि सकाळी विचारतो, इतका आवाज कसला होता.

बेसावाली_काकू:

जाऊन आले रविवारी. पोहे नव्हते, साबुदाण्याची खिचडी होती, चतुर्थी होती त्यांची.

वहिनींना पटलं नाही. 'म्हणजे आम्ही काय हाल करतो का त्यांचे?' असं म्हणाल्या, आणि आत गेल्या त्या चहा घेऊनच बाहेर आल्या. चहा ठेवला, पण बसल्या नाहीत. भाऊंनी शिकवलेलं वाक्य मी भाऊजींना जसंच्या तसं म्हटलं, दुपारचं तुम्हाला दिसत नाही म्हणून. मग मोबाइलवरचा फोटो दाखवला, खांबाला वेढे पडलेली साखळी, ब्रूनोची ताणलेली मान आणि कलंडलेलं भांडं. ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते. 'इतकं ऊन आत येतं?' एवढंच म्हणाले.

मागच्या बाजूला धुण्याची जागा आहे, पूर्वेला, दुपारी पूर्ण सावली. खरं तर कुत्रे तिथेच राहायला हवेत. पण वाळत घातलेले कपडे ब्रूनो ओढतो म्हणून वहिनींचा विरोध, आणि तो चूक आहे असं मी म्हणणार नाही, पैठणी त्याने एकदा फाडलेली आहे. सध्या ठरलंय ते असं: साखळी काढायची, गेटच्या आत कमरेएवढी जाळी बसवायची म्हणजे गेट उघडलं तरी तो पळणार नाही. मातीची दोन पसरट भांडी मीच आणून दिली. मागच्या दाराची किल्ली आमच्याकडे राहील, फार तापलं तर दुपारी मी दोघांना मागे घ्यायचं, आधी दोरीवरचे कपडे काढून. ह्यांची कुरकुर चालू आहे की आता तू त्यांची केअरटेकर झालीस. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या खुणा मी कागदावर लिहून भाऊजींना दिल्या, त्यांनी तो कागद फ्रिजला लावला म्हणे.

वहिनी अजून नीट बोलत नाहीत. गच्चीवर समोरासमोर आलो की पापड बघत राहतात.

आता एक विचारायचं आहे. गेटच्या वर हिरवी नेट लावायची म्हणताहेत. दुकानदार ५० टक्केवाली, ७५ टक्केवाली असं काय काय सांगतो. कोणती घ्यायची?

गोठा_ते_गच्ची:

तो आकडा म्हणजे नेट किती टक्के ऊन अडवते ते. पश्चिमेच्या उन्हाला ७५ च्या खाली नको. आणि ऊन तिरपं येतं, त्यामुळे नुसती वरून ताणून उपयोग नाही, समोरून पडद्यासारखी खाली सोडावी लागेल.

प्रतापनगरचा_भाऊ:

पार जमिनीपर्यंत नका सोडू पण, खालून हातभर मोकळी ठेवा, हवा कोंडते. अन् तारेनं पक्की नका आवळू. मे महिन्यातलं वादळ आलं की नेट गेटले घेऊन जाते. सुतळीनं बांधा, सुतळी तुटली तर तुटली, दहा रुपयाची येते.