देखाव्यातला नववा गोळा: ठेवायचा की काढायचा?

घोडबंदरकर:
आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा सूर्यमालेचा देखावा आहे. कागदाच्या लगद्याचे गोळे, काळा पडदा, तंगूस. नववा गोळा बोराएवढा, पार टोकाला. सी विंगमधली आठवीतली मुलगी म्हणाली, "काका, हा काढा, प्लुटो ग्रह नाही." खजिनदार आजोबा उसळले, "आमच्या पुस्तकात होता!" मी आजोबांच्या बाजूने. २००६ मध्ये प्रागला चारशेच्या वर खगोलशास्त्रज्ञांनी मतदान केलं आणि प्लुटोचा बटुग्रह झाला. अहो, तो गोल आहे, त्याला पाच चंद्र आहेत. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान जवळून गेलं, तर नायट्रोजनच्या हिमनद्या आणि पाण्याच्या बर्फाचे सुमारे साडेतीन किलोमीटर उंच डोंगर दिसले. ग्रहाने आणखी काय करून दाखवायचं?

कळव्याची:
मुलगी बरोबर आहे. प्लुटो ठेवलात तर एरिस या दुसऱ्या बटुग्रहाला कुठल्या तोंडाने नाही म्हणाल? आकाराने किंचित लहान, पण वस्तुमान प्लुटोच्या सव्वापट. २००५ मध्ये तो सापडला म्हणून तर हा घोळ सुरू झाला. आणि सेरेस? १८०१ मध्ये सापडला, काही दशकं ग्रहांत मोजला गेला, मग मंगळ-गुरूमध्ये तसलेच ढीगभर निघाल्यावर लघुग्रहांत गेला. त्याच्यासाठी कोणी गळा काढत नाही.

घोडबंदरकर:
माझं भांडण २००६ला ठरलेल्या ग्रहाच्या व्याख्येतल्या तिसऱ्या अटीशी आहे. सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाने गोल होणं, कबूल. पण 'कक्षेचा परिसर साफ केलेला हवा'? म्हणजे शेजारी कोण यावरून माझी ओळख ठरणार! गुरूच्या कक्षेत हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत, त्याला कोणी हटकत नाही.

नौपाडा_३०२:
ट्रोजन गुरूच्याच ओढीने तिथे टिकून आहेत. साफ म्हणजे झाडलोट नव्हे हो, वाटेवर वट कोणाची एवढंच. खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांच्या हिशेबात पृथ्वी तिच्या वाटेतल्या बाकी मालाच्या सुमारे १७ लाख पट जड. आठांतला सगळ्यात कच्चा मंगळ, तोही हजारोंत. प्लुटो मात्र त्याच्या पट्ट्यातल्या बाकी मालाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नाही. मधे कोणीच नाही, म्हणून मला ही रेघ मनमानी वाटत नाही. वर प्लुटो नेपच्यूनच्या तालावर चालतो: त्याच्या तीन फेऱ्या, याच्या दोन.

पत्रिकावाला:
नवग्रहांच्या पूजेत सूर्य, चंद्र, राहू, केतू बसतात, पृथ्वीला जागाच नाही. 'ग्रह' शब्दाने किती बिऱ्हाडं बदलली बघा. (आमच्याकडे प्लुटो कधी नव्हताच, म्हणून मी निवांत.)

घोडबंदरकर:
३०२, मंगळ आणि प्लुटोमधली ती दरी मला माहीत नव्हती. तरी बोर काढणार नाही. उलट सेरेस, एरिस, हौमिया, माकेमाके या बटुग्रहांची आणखी चार हवीत, त्या मुलीनेच यादी दिली आहे. शनिवारी रात्री दहाला क्लबहाऊसमध्ये या. लगदा उरलाय, तंगूस संपलाय.